घाम येणारं हाड

भूप्या, तुला जाऊन बारा दिवस झाले. या बारा दिवसांत मी एकदाच मंडपात उभं राहून खोटं बोलायचा प्रयत्न केला आणि तो साफ फसला. इतक्या वर्षांची सवय अशी एकाएकी सुटली की फार वाईट होतं. भूक लागत नाही, पाठ धरते आणि शेजारी कुंपणावरून विचारतात, "सदाभाऊ, बरं न्हाय काय?"

तो प्रयत्न गडमुडशिंगीत झाला, आठव्या दिवशी. कथाकथनाचा कार्यक्रम आधीच ठरलेला, मंडप घातलेला, वेशीवरच्या फलकावर माझा फेटा बांधलेला हसरा फोटो. नाही म्हणायला तोंड झालं नाही. मी नेहमीसारखा उभा राहिलो, नेहमीसारखा खाकरलो आणि नेहमीच्या जागी तुझा किडा बाहेर काढला. "मंडळी, समुद्राच्या तळाला, जिथं उजेडाचा ठिपकाही पोचत नाही, तिथं एक बाई राहते. तिला तोंड नाही, पोट नाही, पण नवरे शंभर! आणि शंभरातला एकही कामाचा नाही!"

मंडप हसला. मी थांबलो, कारण इथं तुझं वाक्य असतं. तिसऱ्या रांगेतून, उजव्या कडेच्या खुर्चीवरून, चष्मा वर सारत तू म्हणायचास, "खोटं. एका कामाचे आहेत." त्यावर मंडप खरा फुटायचा. लोकांना वाटायचं हे दोघं ठरवून करतात. आपण कधीच ठरवलं नव्हतं. तुला खरोखरच राहवत नसे.

त्या दिवशी मी थांबलो तो थांबलोच. तिसऱ्या रांगेत उजव्या कडेला एक बाई मांडीवरचं बाळ थोपटत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो, ती घाबरून पदर सावरायला लागली. संयोजकाला वाटलं मला पाणी हवंय, तो बाटली घेऊन धावला. मी घोट घेतला आणि मला स्वच्छ ऐकू आलं, "खोटं." अगदी कानाशी, जरासं कंटाळलेलं, कॉलेजातला पाचवा तास संपवून आल्यासारखं. मी हात जोडले, पोट बिघडलंय असं सांगितलं आणि खाली उतरलो. पोट ठणठणीत होतं. म्हणजे एकदा नव्हे, दोनदा खोटं बोललो. तू असतास तर पहिल्याच ओळीत पकडलं असतंस.

तेव्हापासून हे चाललंय. बायकोला म्हणतो चहा झकास झालाय, कानात "खोटं". फोनवर कुणाला म्हणतो निघालोच, पायात चप्पल घालतोय, "खोटं". घरात लोक भूत बघतात, मला भूत मिळालं तेही प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाचं. छळ करतं तोही पुराव्यानिशी.

हे वाचणाऱ्यांना हाडाचं प्रकरण ठाऊक नसणार. त्यांना थोडं सांगतो, तोवर तू चष्मा पूस.

आपल्या तालमीत मारुतीच्या कोनाड्याखाली एक हाड आहे. मोठ्या पाटासारखं रुंद, मधे गोल, तीन बाजूंना पंखासारखी टोकं. आपल्या जन्माच्याही आधी कुणीतरी ते कोकणातून मासळीच्या गाडीवर घालून आणलं. तालमीत त्याला भीमाचं हाड म्हणतात. नागपंचमीला त्याला हळद लागते, हार पडतो. आणि मुख्य म्हणजे त्या हाडाला घाम येतो. कुस्त्यांच्या मैदानाच्या आदल्या दिवशी हाड ओलं दिसलं की पोरं तो घाम बोटानं घेऊन कपाळाला लावतात. आपली कुस्ती जिंकलीच म्हणून समजायचं.

तुला अण्णांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, अंगात जरा ताकद यावी म्हणून तालमीत घातलं होतं. मला आमच्या आईनं घरात शांतता यावी म्हणून. दोघांचेही हेतू साध्य झाले नाहीत. पण एका दुपारी तालीम रिकामी असताना तू वाकलास आणि ते हाड चक्क चाटलंस.

"सद्या, घाम न्हवं ह्यो. तेल हाय."

"कसं लागतंय?"

"खोबऱ्यागत."

मग तुझा चेहरा पडला. जैनाघरचं पोर तू. आव्वा, म्हणजे तुझ्या आई, सूर्य मावळल्यावर चूल पेटवत नव्हत्या, पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावत नव्हत्या, कोबीचं पान न् पान उलटून बघत होत्या की एखादी अळी चुकून चिरली जाऊ नये. आणि तू मेलेल्या जनावराचं हाड चाटून उभा. "कुणाला सांगू नगंस," तू म्हणालास. मी शपथ घेतली. मारुतीसमोर.

तू बेडूक कापणार नाहीस म्हणून प्राणिशास्त्र घेऊ नकोस असं सगळ्यांनी सांगितलं. तू घेतलंस. मास्तरांशी भांडून, आकृत्या काढून, दुसऱ्यांच्या बेडकांकडे पाठ करून पास झालास, शिकवायलाही लागलास. आणि मग तुला तो किडा भेटला. भेटला म्हणजे कॉलेजच्या संगणकावर. तू संध्याकाळी मला ओढत नेऊन दाखवलंस. काळ्या पाण्यात यंत्राचा दिवा, दिव्यात देवमाशाची एक बरगडी आणि बरगडीवर लाल पिसांचं गवत उगवलेलं. मऊ, हलणारं. मला वाटलं हाडाला मोहोर आलाय.

"मर्दा, हे किडं?"

"मादी आहे ती प्रत्येक. वर दिसतात ते कल्ले, श्वासाचे. खाली हाडात मुळं गेलीत, झाडासारखी. तोंड नाही, आतडं नाही. मुळांतून आम्ल सोडते, हाड विरघळवते. मुळांत जिवाणू पाळलेत, ते हाडातला सत्त्वांश आणि तेल पचवायला मदत करतात. आणि नर डोळ्यांना दिसत नाहीत एवढे बारीक. तिच्याच नळीत राहतात, डझनांनी. कधी वाढत नाहीत, कधी खात नाहीत."

"म्हंजे आमच्या तालमीतली पोरं."

"ती खातात," तू म्हणालास.

मग तू हळू आवाजात जे बोललास ते मी तेव्हा नीट ऐकलं नाही, कारण माझ्या डोक्यात शंभर नवऱ्यांचा किस्सा शिजायला लागला होता. तू म्हणालास, "सद्या, ही कुणालाच मारत नाही. कुणाच्या अंगावर जात नाही. वाट बघते. जो मेलाय त्याच्यातलं जे कुणाला नको तेवढं घेते. आव्वांना सांगितलं तर पटेल बघ."

तू घरी भिंतीवर त्या किड्याचं चित्र लावलंस. पद्मावहिनी सांगायच्या, पाहुणे विचारतात हे कुठलं फूल, आणि मग जेवण होईपर्यंत त्यांची सुटका नसते.

तुझं वेड तिथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. तुला ते हाड परत द्यायचं होतं. देवमासा मेला की तळाला जातो, आधी मोठे मासे येतात, मग बारीकसारीक, मग हे किडे. वर्षानुवर्षं त्या एका देहावर वस्ती चालते. "आपण त्यातलं एक घर उचलून आणलंय," असं तू म्हणायचास. मी वकिली करायचो. हे हाड किनाऱ्यावर सापडलेलं, समुद्रानंच बाहेर टाकलेलं, आपण कुणाचं घर मोडलं? तू म्हणायचास, "पोस्टानं पत्र चुकीच्या घरात टाकलं तर आपण ठेवून घेतो?" मी म्हणायचो, आपल्या बाजूच्या समुद्रात तुझे किडे आहेत तरी का? तू म्हणायचास, "माहीत नाही." मग इतकं जुनं हाड त्यांना चालेल का? "तेही माहीत नाही." तुझी ही सवय मला फार चिडवायची. अडलेल्या जागी खोटं बोलून पुढं जायला तुला यायचंच नाही. शिवाय असलं हाड बाळगणं आता कायद्यात बसत नाही, वनखात्याला कळवायला हवं, हे तू तालमीत इतक्यांदा सांगितलंस की पोरं तुला बघून हाडावर पोतं टाकायची.

तीन वर्षांपूर्वी हनुमान जयंतीला तालमीच्या मेळाव्यात तू रीतसर उभा राहिलास. हात मागं बांधून, वर्गात उभा राहतोस तसा. सगळी गल्ली जमलेली, बायका उजवीकडे, पुढच्या रांगेत आव्वा. तू सगळं सांगितलंस, देवमासा, तळ, किडे, कायदा, आणि शेवटी म्हणालास, "एवढं हाड समुद्राला परत देऊ या." कुणी हसलं नाही. दोघं-तिघं तर विचारात पडलेले दिसत होते. वस्ताद दाढी खाजवत होते.

मग त्यांनी मला बोलायला उठवलं.

मला अजून त्या हशाची चव आठवते. मी तुझ्यासारखे हात मागं बांधले. नसलेला चष्मा वर सारला. "मंडळी, हे हाड आपल्याकडं चुकून आलंय. ह्याला माहेरी पाठवू या, साडीचोळी करू या." पहिला हशा. मग दुसरा, मग तिसरा. आणि मग लोक माझ्या हातात आलेले दिसले की मला जे होतं ते झालं. मी म्हणालो, "प्रोफेसरांचा जीव ह्या हाडात का अडकलाय सांगू? चव लागलीया त्यास्नी!" आणि मी सगळं सांगितलं. रिकामी तालीम, वाकलेला तू, बाहेर काढलेली जीभ. जीभ काढून दाखवली. "खोबऱ्यागत लागतंय, म्हणाला!"

अख्खी तालीम उलथली. लोक एकमेकांच्या अंगावर पडले. वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. तूही हसलास. चष्मा काढलास, पुसलास, घातलास. हाडाचा विषय तिथंच संपला. मी फक्त एकदा बायकांकडे बघितलं. आव्वा मान खाली घालून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू नेहमीसारखा फिरायला आलास. मी माफी मागायचं ठरवलं होतं. घरून वाक्यसुद्धा तयार करून नेलं होतं. तू म्हणालास, "काल आवाज चांगला लागला होता तुझा." त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. वाक्य माझ्या तोंडात राहिलं. ते तीन वर्षं तिथंच राहिलं. तू त्यानंतर हाड परत द्यायचं नाव काढलं नाहीस.

आपली शेवटची फेरी कळंब्याला झाली, तलावाच्या बांधावर. तू पिल्लांबद्दल बोलत होतास. हाड संपलं की ती सगळी वस्ती मरते. त्याआधी अंडी सोडून ठेवते. त्यातून निघालेले जीव काळ्या पाण्यात वाहत जातात, इवलीशी शिदोरी अंगात घेऊन, दुसरं हाड सापडेल म्हणून. बहुतेकांना सापडत नाही. मी त्यावर विनोद केला नाही. मोठं मन म्हणून नव्हे, तोंडात गरम कणीस होतं म्हणून. त्यामुळे तेवढी एक गोष्ट मी तुझ्याकडून पूर्ण ऐकली.

चार दिवसांनी तू नव्हतास.

तिसऱ्या दिवशी रक्षा शेतात आणली, नदीत सोडली नाही. बांधाशी खड्डे काढले होते, त्यात राख घालून नारळाची रोपं लावली. तुझ्या पोरीनं पाणी घातलं. सगळे पांगल्यावर पद्मावहिनी माझ्याजवळ आल्या. त्यांच्या हातात गुंडाळलेला कागद होता, ते किड्याचं चित्र.

"भाऊजी, हे तुमास्नी देऊ म्हणालते. ह्यांनी भिंतीवरनं काढून कपाटामागं ठेवलंतं."

"कवा?"

"तुमचं ते भाषाण झालं न्हवं? त्या राती आव्वांनी तीन दिसांचा उपास धरला. निव्वळ पाण्यावर. का म्हणून इचारलं तर बोलल्या न्हाईत. ह्यांनी वळखलं. हाड चाटल्यालं पाप आईनं आपल्या अंगावर घेतलं, म्हणाले. चित्र काढलं आन् परत घरात त्या किड्याचं नाव न्हाई काढलं."

मी कागद घेतला आणि उसाकडे तोंड करून उभा राहिलो. तीन वर्षं मी तुझ्या घरी जेवलो, आव्वांच्या हातचं ताक प्यालो, आणि मला कुणी सांगितलं नाही. तू तर नाहीच.

गडमुडशिंगीच्या फजितीनंतर दोन दिवसांनी मी तालमीत गेलो. सकाळच्या जोर-बैठका संपल्या होत्या, पोरं आखाड्याची माती अंगावरून काढत होती. हाडाला घाम आला होता. उन्हाळा आहे, उष्णतेनं आतलं तेल पाझरतं, देवमाशाचं हाड वर्षानुवर्षं तेल सोडतं, हे सगळं तूच शिकवलंस. तरी इतकं ओलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. खाली फरशीवर डाग पडला होता. मी इकडे तिकडे बघितलं, वाकलो आणि जिभेचं टोक लावलं.

खोटं, भूप्या. खोबऱ्यासारखं अजिबात लागत नाही. खवट, कडू, घशात अडकणारं. आयुष्यात एकदा तू मला थाप मारलीस आणि ती मला चाळीस वर्षांनी कळली.

"काय ओ सदाभाऊ, न्ह्यारी झाली न्हाई व्हय?" मागून वस्ताद.

पोरं खिदळली. मी सरळ झालो आणि म्हणालो, "वस्ताद, हे हाड परत द्यायचंय. समुद्राला."

सगळे हसले. मी काही केलं नव्हतं, एक बोटही हलवलं नव्हतं. मी पुन्हा म्हणालो. ते अजून हसले. एक जण म्हणाला, "आता जीभ काढतोय बघा!" मी म्हणालो खरंच सांगतोय, तर वस्तादांनी मांडीवर थाप मारली. तीस वर्षं मी माणसांना हसवलंय. माझ्या तोंडून काहीही आलं की हसायचं, हे मीच त्यांना शिकवलंय. मला वाटलं पळून जावं. तू त्या दिवशी पळाला नाहीस, चष्मा पुसत उभा राहिलास, हे मला तिथं उभं राहिल्यावर समजलं.

मग मी खाली मातीत बसलो आणि तुझी कळंब्याची गोष्ट सांगायला लागलो. हात मांडीवर ठेवले. आवाज चढवला नाही. नवऱ्यांचं काही सांगितलं नाही. मुळं सांगितली, पिसं सांगितली, संपत जाणारं हाड सांगितलं, अंधारात वाहत जाणारी ती पिल्लं सांगितली. पहिल्यांदा पोरं हशाची जागा शोधत होती. ती आली नाही तशी गप्प झाली. बरेचदा अडलो. जिथं अडलो तिथं म्हणालो, माहीत नाही.

वस्तादांनी विचारलं, "म्हंजे त्यास्नी दुसरं हाड घावंल का न्हाई, ते म्हाईत न्हाई?"

"न्हाई."

"आन् तरी जात्यात?"

"व्हय."

ते हाडाकडे वळले. "घावलं पायजे की," म्हणाले.

वनखात्याला अर्ज द्यायचा असं ठरलं. हाड आमच्याकडे आहे, ते ताब्यात घ्या आणि शक्य असेल तर खोल पाण्यात सोडा. ते सोडतील की गोदामात ठेवतील, ठाऊक नाही. अर्ज मी लिहिला. एकही विशेषण नाही, तुला आवडला असता. पोरांनी सह्या केल्या. एक जण कुरकुरला की यंदाच्या मैदानाचं कसं व्हायचं. वस्ताद त्याला म्हणाले, "तू आदी जोर काढ."

काल मी अर्जाची प्रत घेऊन तुझ्या घरी गेलो. आव्वा पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि ते तीन वर्षं तोंडात राहिलेलं वाक्य एकदाचं बाहेर काढलं. म्हणालो, "आव्वा, माझं चुकलं. मी सगळ्यांसमोर भूपालचं हसं केलं. त्याचं पाप तुम्ही उपास करून फेडलंसा. ते पाप त्याचं न्हवतंच, माझं हुतं."

आव्वांनी सूप खाली ठेवलं.

"कसलं पाप?"

"हाड चाटल्यालं."

"ते मला तवाच म्हाईत हुतं की रं. तोंडाला वास मारत हुता पोराच्या. ल्हान हुतं, कळत न्हवतं. त्याला काय पाप म्हणायचं?"

"मग उपास?"

मी वाट बघितली. गोष्ट सांगणाऱ्याला वाट बघणं जमत नाही, पण बघितली.

"मी हसलो की," आव्वा म्हणाल्या. "तू ती जीभ भाईर काढलीस, आन् मला हसूच आवरंना. माज्या पोटचं पोर तितं येकटं हुबं, समदी गल्ली त्येला हसाया लागलीया, आन् मी बी हसलो. पदर तोंडात कोंबला, मान खाली घातली. त्येनं बघितलं का न्हाई कुणास ठावं. त्येचा धरला उपास."

"मग त्याला सांगितलं का न्हाईसा?"

"कसं सांगू?"

त्यांनी सूप परत उचललं आणि एक खडा काढून बाजूला टाकला. मी अर्जाची प्रत तिथंच ठेवली आणि उठून आलो.

हे तुला ठाऊक नव्हतं म्हणून लिहितोय. तू चित्र काढून कपाटामागं ठेवलंस, हाडाचं नाव सोडलंस, आईनं तुझं पाप फेडलं असं समजून तीन वर्षं त्या घरात वावरलास आणि तसाच गेलास. तुझ्या आईनं तुझ्यासाठी काही फेडलं नाही. तुझा राग तर तिला आलाच नव्हता. तिला हसू आलं होतं, भूप्या, आम्हा सगळ्यांइतकंच.